टेराकोटा रंग निवडताना आधी दिवा बघा, मग शेडकार्ड

रंगांचे नमुने दाखवणाऱ्या शेडकार्डावर टेराकोटा, म्हणजे भाजलेल्या मातीचा रंग, या नावाखाली पाच-सहा चौकोन असतात आणि दुकानात उभं राहून ते सगळे सारखेच वाटतात. कोऱ्या पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवले की फरक कळतो: एक नारिंगीकडे झुकलेला, एक गुलाबीकडे, एक तपकिरीकडे. आधी यातलं घराणं ठरवा. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीकडे जाणं झालं, तर एक साधी मातीची कुंडी घेऊन या. तीच कुंडी कोरडी आणि पाणी मारलेली बघा. ओली झाली की रंग किती गडद होतो! इमल्शनचं, म्हणजे भिंतीला लावायच्या पाण्यातल्या रंगाचं, उलट असतं. ओलं असताना ते फिकं दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं. म्हणून ओल्या रंगावर निर्णय घेऊ नका.

आता नमुना. थेट भिंतीवर पट्टे ओढण्यापेक्षा दोन फुटांचा हार्डबोर्ड घ्या, प्रायमर मारा आणि वर रंगाचे दोन हात द्या. हा तुकडा घरभर फिरवता येतो. सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर तो रंगवायच्या भिंतीला टेकवून बघा. पश्चिमेच्या खिडकीजवळ संध्याकाळच्या उन्हात नारिंगी शेड पेटल्यासारखी दिसते, तिथे तपकिरीकडची घ्या. आपल्याकडच्या जुलैच्या ढगाळ उजेडात मात्र तीच शेड मातकट होते.

खरा घोळ ट्यूबलाइटचा असतो. 6500 केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप) पांढऱ्याशुभ्र उजेडात टेराकोटा मेल्यासारखा दिसतो, आणि शिव्या मात्र रंगाऱ्याला बसतात. 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर दिवा लावून बघा. कित्येकदा शेड बदलायची गरजच उरत नाही.

जुळणी फरशीपासून सुरू करा, कारण ती बदलणार नाही. कडप्पा, शहाबादी या काळ्या-राखाडी दगडांशी हा रंग उत्तम जमतो. गुलाबी छटेच्या टाइल्स असतील तर गुलाबी टेराकोटा टाळा. बाकीच्या भिंतींना आणि छताला निळसर पांढरा नको, किंचित पिवळट ऑफ-व्हाइट हवा. पडद्यांना राखाडी-हिरवा किंवा गडद निळा चालतो. सागवानी दारामागे हीच भिंत आली तर दार त्यात हरवतं, तेव्हा दुसरी भिंत निवडा. चारही भिंती रंगवायचा हट्ट लहान खोलीत तरी नको. सोफ्यामागची एक पुरे.

रंगाऱ्याला बोलावण्याआधी ओल तपासा. पंचगंगेकाठचा आपला पावसाळा भिंतीत मुरतो, आणि गडद रंगावर पांढरा क्षार लगेच उठून दिसतो. प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला चिकटवा आणि 24 तासांनी काढा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर थांबा, आधी गळती काढा. काम दसऱ्याच्या सुमारास घेतलेलं बरं. नव्या गिलाव्याला किमान 28 दिवस तरी द्यावेत.

फिनिश मॅटच घ्या, कारण चकचकीत फिनिशमध्ये पुट्टीचा प्रत्येक चढउतार दिसतो. लहान मुलं असतील तर धुता येणारं मॅट मागा. एका भिंतीला लागणारा सगळा रंग दुकानात एकदमच टिंट करून (छटा मिसळून) घ्या, दोन डबे असतील तर एका बादलीत ढवळा. डब्यावरचा शेड कोड फोटो काढून ठेवा आणि उरलेला रंग घट्ट झाकून ठेवा. टच-अपला तोच लागतो.