मलावीत शेती आणि हवामानबदलाचा अभ्यास: निघण्याआधीची तयारी

आधी हंगाम ठरवा, तिकीट मग. मलावीत पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, मक्याची काढणी एप्रिल-मेमध्ये, आणि घरातलं धान्य संपतं ते जानेवारी-फेब्रुवारीत. नेमकं त्याच दिवसांत स्वतःच्या शेतातली खुरपणी मागे ठेवून माणसं दुसऱ्याच्या शेतावर रोजंदारीला जातात. तिला तिथे ‘गान्यू’ म्हणतात. जूनमध्ये प्रश्नावली भरली की ही ओढाताण कागदावर उतरत नाही. म्हणून जमेल तर दोन फेऱ्या ठेवा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. ऑगस्ट तुरीसाठी. मका निघाला तरी त्यातली तूर शेतात उभीच असते. मेमध्ये उत्पादन मोजणाऱ्याच्या वहीत तुरीपुढे शून्य पडतं, आणि आंतरपिकाचा फायदाच हिशेबातून गळतो.

संशोधनाच्या परवानगीसाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे बरंच आधी अर्ज करा. मग जिल्ह्याचं शेती कार्यालय, पारंपरिक प्रमुख, शेवटी गावप्रमुख. हा क्रम मोडू नका.

प्रश्नावली तिथल्या चिचेवा भाषेत करून घ्या आणि दुसऱ्या माणसाकडून परत इंग्रजीत आणवा. उत्तरेत तुंबुका भाषा लागेल. हवामानबदलाला ‘कुसिंथा क्वा न्येंगो’ म्हणतात खरं, पण ‘न्येंगो’ म्हणजे ऋतू आणि काळही. ‘न्येंगो बदललाय का?’ असं विचारलं तर सगळे हो म्हणतील आणि हाती काहीच लागणार नाही. त्याऐवजी विचारा: पेरणीजोगा पहिला पाऊस कधी झाला, मध्ये किती दिवस उघडीप पडली, दुबार पेरणी करावी लागली का. या उत्तरांशी ताडून पाहायला चर्प्स (CHIRPS) ही उपग्रहाधारित पावसाची आकडेवारी उतरवून घ्या. ती 1981 पासूनची आहे.

मध्य आणि दक्षिण भागात जमीन बऱ्याच ठिकाणी आईकडून मुलीकडे जाते आणि नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. अशा ठिकाणी जमीन बायकोकडची असल्याने, झाडं लावण्याबद्दल फक्त पुरुषांना विचारलंत तर अर्धंच उत्तर मिळेल. बायकांशी बोलायला टीममध्ये बाई हवीच.

सामानात 50 किलोचा लटकता काटा, 30 मीटरची टेप, 20 सेंटिमीटरवर खूण केलेला माती काढायचा ऑगर, प्लॅस्टिकची बादली, कापडी पिशव्या आणि पेन्सिली घ्या. पेनाची शाई ओल्या मातीत पसरते. जस्ताचा मुलामा असलेली बादली नको, जस्ताचा आकडा बिघडतो. शेतात नागमोडी चालत 15 ते 20 ठिकाणची माती काढा, एकत्र कालवा, अर्धा किलो ठेवा आणि सावलीत वाळवा. पेरणी वरंब्यावर असते आणि खत रोपाजवळ भोक पाडून देतात, त्यामुळे रोपाशेजारची माती भलतीच सुपीक दिसते. नमुना रोपापासून लांब, सगळीकडे वरंब्यावरूनच किंवा सगळीकडे सरीतूनच घ्या.

‘किती पोती झाली?’ एवढ्यावर थांबू नका. पोत्यात कणसं होती की दाणे? पोतं तोंडापर्यंत होतं की वर शीग? दोन-तीन पोती समोर तोलून घ्या. काढणीआधी कोवळी कणसं किती खाल्ली, हा वेगळा प्रश्न. टंचाईच्या महिन्यांत तीच पोटाला आधार असतात.

तुलनेला एकच मागचं वर्ष धरू नका. मार्च 2023 मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिण भाग धुऊन नेला, आणि 2023-24 चा हंगाम एल निन्योच्या दुष्काळात गेला. निदान पाच हंगामांबद्दल विचारा. सन आठवत नसेल तर ‘फ्रेडीच्या आधीच्या काढणीला’ असं म्हणा.