समाजशास्त्राचा अभ्यास वाचताना त्यातली आयडिऑलॉजी कशी पकडायची

एमए करणारी, यूपीएससी करणारी मुलं हमखास विचारतात की समाजशास्त्र ऑब्जेक्टिव्ह असू शकतं का. माझं म्हणणं एवढंच की अभ्यासक कोऱ्या पाटीचा नसतोच, पण त्याचं काम दुसऱ्याला तपासता येईल असं असू शकतं, आणि हे तपासणं शिकता येतं.

पहिलं म्हणजे निष्कर्षाकडे जाऊच नका, आधी प्रश्न कुणाला पडला आणि कशासाठी ते बघा. मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने 1904 मध्येच लिहून ठेवलंय की विषय निवडताना आपली मूल्यं येणारच, पण पुरावा काय सांगतो हे मूल्यांनी ठरवायचं नाही. आता रिस्ले घ्या. इंग्रज सनदी अधिकारी, 1901 च्या जनगणनेचा कमिशनर. त्याने लोकांची नाकं मोजली, रुंदी भागिले लांबी गुणिले 100, आणि सांगितलं की नाक जेवढं रुंद तेवढी जात खालची. आकडे, टेबलं, सगळं एकदम सायंटिफिक दिसतं.

इथेच दुसरी पायरी, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे टेबल स्वतः उघडून बघायचं. आपल्या मालवणचे गो. स. घुर्ये, मुंबई विद्यापीठातले, त्यांनी 1932 मध्ये नेमकं हेच केलं, रिस्लेचेच आकडे घेतले आणि प्रांताप्रांताने लावून बघितले, तर उत्तर हिंदुस्थानात थोडंफार जुळतं पण त्याबाहेर तो नियम टिकतच नाही. रिस्लेच्या डोक्यात वंशवाद होता, तरी त्याने आकडे छापले होते म्हणून तो खोडता आला! म्हणून ज्या अभ्यासात आकडे कसे गोळा केले, किती लोकांना विचारलं, प्रश्न काय होते हे दिलेलं नसतं तो मी बाजूला ठेवते, मग तो कितीही आपल्या बाजूचा असो.

तिसरं, हीच कसोटी आपल्या आवडत्या माणसालाही लावा. हेच घुर्ये 1943 मध्ये आदिवासींना 'मागासलेले हिंदू' म्हणतात. तिथे थांबून विचारा, हे मोजून आलंय की आधीच ठरलेलं होतं? मला तरी तिथे त्यांचा राष्ट्रवाद पुराव्याच्या पुढे धावताना दिसतो.

मग बघा की अभ्यासकाने स्वतःला चुकायची सोय ठेवली होती का. इरावती कर्वे बर्लिनला ऑयगन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाकडे पीएचडी करत होत्या, त्याचा दावा की गोऱ्यांची कवटी वेगळी म्हणून बुद्धी जास्त. बाईंनी 149 कवट्या मोजल्या, वंशाशी काही संबंध दिसला नाही, आणि गाइडच्या विरोधात जाऊन तेच लिहिलं. परदेशात, एकटी, विशीतली मुलगी. मला हे वाचून आजही भरून येतं.

अजून एक, अभ्यासक गावात कुठे उतरला होता तेही शोधा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी रामपुरा या म्हैसूरकडच्या, त्यांनी अभ्यासलेल्या गावाबद्दल स्वतःच कबूल केलंय की गाव त्यांना वरच्या जातींच्या बाजूने दिसलं. असं कबूल केलेलं असलं की आपल्याला हिशोब लावता येतो, कुणाचा आवाज राहिला ते कळतं.

सुरुवात करताना विरोधी मताचा पेपर घेऊ नका, त्यात चुका सापडतातच. जो वाचून तुम्ही लगेच मान डोलावली होती तोच काढा, आणि पेन्सिल घेऊन त्याच्या टेबलापाशी बसा.