दहा दिवसांच्या शिबिराआधी पाठीची तयारी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून बरेच जण विपश्यनेच्या दहा दिवसांच्या ध्यानशिबिरासाठी हातकणंगल्याजवळच्या आळत्याला किंवा इगतपुरीला जातात. पहाटे चारला उठायचं आणि दिवसाचे सुमारे दहा तास बसायचं, म्हटल्यावर पाठ बोलणारच.

माझ्या मते सगळं बैठकीच्या उंचीवर आहे. खुबे गुडघ्यांपेक्षा वर हवेत. ते खाली राहिले की कमरेचं हाड मागे कलतं, पाठीला पोक येतो आणि सगळा ताण कमरेवर पडतो. घरची जुनी वाकळ घट्ट घडी घालून फक्त बुडाखाली घ्या, मांड्यांखाली नको. गुडघे अधांतरी राहत असतील तर त्यांच्याखालीही उशी सरकवा. ही उंची घरीच, निघायच्या आधी दोन-तीन आठवडे रोज बसून ठरवा. चौथ्या दिवसापासून न हलता तासभर बसायची बैठक सुरू होते, तेव्हा प्रयोग करायला वेळ नसतो.

मधल्या सुट्टीत लगेच आडवं होऊ नका, आधी चाला.

जुनं कमरेचं दुखणं असेल तर अर्जातच लिहा आणि खुर्ची मागा, त्यात कमीपणा कसला! पायात मुंग्या किंवा बधिरपणा उठल्यावरही टिकून राहिला, तर सहन करू नका. आचार्यांना लगेच सांगा.