आईसाठी क्रोशाचं फूल: या चुका टाळा, बिघाड एक फेरा मागे शोधा

क्रोशाचं फूल बिघडलं की बहुतेक जण पाकळ्यांशीच झटत बसतात. पाकळी वाकडी दिसली की उसवायची, पुन्हा विणायची आणि ती पुन्हा वाकडीच यायची. पाकळीचा दोष सहसा पाकळीत नसतो. तो मधल्या गोलात लपलेला असतो, नाहीतर त्याच्याही आधी, दोरा आणि सुई निवडतानाच शिरलेला असतो. म्हणून खाली दिलेली कुठलीही तक्रार असली तरी आधी मागचा फेरा मोजा आणि मगच उसवायला घ्या.

बोलायला सोपं जावं म्हणून पाच पाकळ्यांचं एक साधं फूल समोर ठेवू. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढली की आवळणाऱ्या दोऱ्याच्या फासात, 1 साखळी आणि 10 मुके खांब (बुटके टाके) घाला, पहिल्या मुक्या खांबात स्लिप स्टिच, म्हणजे जोडायचा बारीक टाका, घालून गोल जोडा आणि रिंग ओढून घ्या. त्याच टाक्यात 2 साखळ्या आणि 2 खांब (मुक्या खांबापेक्षा उंच टाके) घाला. पुढच्या टाक्यात 2 खांब, 2 साखळ्या आणि तिथेच स्लिप स्टिच. ही झाली एक पाकळी. त्याच्या पुढच्या टाक्यात स्लिप स्टिच घालून दुसरी सुरू करायची. दोन टाक्यांवर एक पाकळी, म्हणजे 10 टाक्यांवर पाच. मध्यम जाडीची लोकर आणि 4 मिमीची सुई घेतली तर फूल साधारण 5-6 सेंमीचं होतं.

शेवटची पाकळी अर्धीच राहते, किंवा एक टाका उरतो

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. गोलात 10 ऐवजी 9 किंवा 11 टाके झालेले असतात. 11 होतात ते जोडाचा स्लिप स्टिच किंवा सुरुवातीची साखळी टाका समजून त्यातही विणल्यामुळे. 9 होतात ते पहिला मुका खांब साखळीला चिकटून दिसेनासा होतो आणि नजर त्याला वगळते म्हणून.

गोल वरून बघा. प्रत्येक टाक्याच्या माथ्यावर इंग्रजी व्हीसारखी जोडी दिसते, एक धागा पुढचा आणि एक मागचा. जोडाच्या स्लिप स्टिचचीही तशीच जोडी असते, पण ती बारीक, आवळलेली आणि जराशी कलंडलेली दिसते. तिला मोजायचं नाही. सोपा उपाय म्हणजे पहिला मुका खांब घातल्या घातल्या त्याच्या माथ्यात एक छोटी सेफ्टी पिन अडकवून ठेवणं. आणि टाके मोजायचे ते रिंग ओढण्याआधी. रिंग सैल असते तोवर टाके सुटे सुटे दिसतात, एकदा ओढली की सगळे गर्दी करून बसतात.

11 झाले असतील तर शेवटच्या पाकळीआधी एक टाका गुपचूप सोडून द्या, समोरून कळत नाही. 9 असतील तर मात्र उसवा. एका टाक्यात अख्खी पाकळी कोंबली तर ती शेजारणीवर चढते आणि फूल एका बाजूला कलतं.

मधलं भोक हळूहळू उघडतं

देताना फूल घट्ट असतं आणि महिन्याभरात मध्ये भोक पडतं. इथे दोष सुरुवातीच्या शेपटाचा, म्हणजे रिंगच्या दोऱ्याच्या मोकळ्या टोकाचा. ते दोन-तीन सेंमी ठेवून गाठ मारली आणि कापलं, की गुळगुळीत अॅक्रिलिक लोकरीची गाठ सरकत सरकत सुटणारच. शेपूट किमान 15 सेंमी ठेवा. बोथट टोकाच्या, मोठ्या नाकाच्या सुईत ते ओवा आणि मागच्या बाजूने टाक्यांच्या पायथ्यातून एक पूर्ण गोल फिरवा. मग एक टाका ओलांडून उलट दिशेने परत या, आणि येताना सुई लोकरीच्या पिळातून घाला. दिशा बदलली की धागा स्वतःलाच अडवतो. कापायच्या आधी फूल दोन्ही हातांनी जोरात ताणून बघा.

शेपूट आधीच कापून बसला असाल तर फूल टाकून देऊ नका. त्याच रंगाचा नवा दोरा दहाही टाक्यांच्या पायथ्यांतून ओवून आवळा, दोन्ही टोकं वर सांगितल्याप्रमाणे लपवा आणि मध्ये मोती किंवा बटण शिवा. मॅजिक रिंग हाताला बसतच नसेल तर 2 साखळ्या घालून सुईपासून दुसऱ्या साखळीत दहाही मुके खांब घाला. ती साखळी आधी थोडी सैल ठेवावी लागते, एवढंच.

वाटी होते किंवा झालर होते

सूर्यफुलासारखा मोठा मध्य विणताना हा त्रास होतो. सपाट गोलाचा हिशेब पक्का आहे: मुक्या खांबांना दर फेऱ्याला 6 टाके वाढवायचे, अर्ध्या खांबांना (या दोन्हींच्या मधल्या उंचीच्या टाक्यांना) 8, खांबांना 12. कमी वाढवले तर वाटी, जास्त वाढवले तर झालर. हात फार घट्ट किंवा फार सैल असेल तर एखादा टाका इकडेतिकडे करावा लागतो, पण आधी हिशेब तपासा.

झालर हा दरवेळी दोषच असतो असंही नाही. झेंडू करायचा असेल तर ती मुद्दाम हवी. प्रत्येक टाक्यात 3 खांब घालत एक-दोन फेरे विणा, गोल आपोआप चुरगळतो आणि दसऱ्याच्या तोरणातल्या झेंडूसारखा भरगच्च दिसतो. नवशिक्यांना मी गुलाबाआधी झेंडूच सुचवेन. एखादा टाका चुकला तरी गर्दीत खपून जातो.

व्हिडिओत पाकळी उंच, तुमची बुटकी

हाताचा दोष नाही, भाषेचा आहे. अमेरिकन पद्धतीत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात तो आपला मुका खांब. ब्रिटिश पद्धतीत त्याच टाक्याला डबल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे आपला खांब. एकच नाव, दोन वेगवेगळ्या उंचीचे टाके. ओळखायची खूण अशी: नमुन्यात कुठेही सिंगल क्रोशे लिहिलेलं असेल तर तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही.

दोरा आणि सुई

आईला गडद मरून आवडतो म्हणून पहिलंच फूल मरून लोकरीत करायला घेऊ नका, रात्री दिव्याखाली टाके दिसत नाहीत. हात बसेपर्यंत फिका रंग घ्या. केसाळ लोकर तर नकोच, उसवताना ती स्वतःतच गुंतते. सुई मिलिमीटरवरून निवडा, नंबरवरून नको. दोऱ्याच्या बारीक कामाच्या स्टीलच्या सुयांवर बहुतेक ठिकाणी नंबर वाढतो तशी सुई बारीक होत जाते, आणि तिथेच गोंधळ होतो. गुंड्याच्या लेबलवर जो आकार छापलेला असतो त्याहून अर्धा मिलिमीटर बारीक सुई फुलाला बरी पडते, पाकळी जाळीदार न होता भरीव येते.

नाशिकच्या मेनरोडच्या गल्ल्यांत लोकर घ्यायला गेलात तर गुंडा दुकानाच्या दारात आणून उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली गुलाबी आणि पीच सारखेच दिसतात. दोन गुंडे लागणार असतील तर दोन्हींवरचा लॉट नंबर, म्हणजे रंगवलेल्या खेपेचा नंबर, एकच आहे ना, ते पाहा.

मदर्स डे येतो मेच्या दुसऱ्या रविवारी. नाशिकच्या उन्हाळ्यात हाताला घाम येतो, लोकर सुईवर अडकते, आपण नकळत धागा आवळतो आणि शेवटच्या पाकळ्या पहिल्यांपेक्षा लहान येतात. हात धुऊन, कोरडे करून सकाळी विणायला बसा. आपला घरचा मातृदिन मात्र पिठोरी अमावास्येला, पोळ्याच्या दिवशी, श्रावणाच्या अखेरीला. तेव्हा हवा दमट असते, आणि तिथे त्रास वेगळा. तो पुढे येतोच.

गुलाब उमलत नाही, नुसती गुंडाळी दिसते

मुघलांच्या काळात ज्या नाशिकला गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचं गाव, म्हणत, तिथे आईला क्रोशाचा गुलाब द्यायचा तर तो गुलाब दिसायला हवा. एक लांब साखळी घालून त्यावर लहान ते मोठ्या पाकळ्यांची पट्टी विणायची आणि ती गुंडाळायची, ही सगळ्यात प्रचलित पद्धत. यातही बिघाड मागेच सापडतो. पायाच्या साखळीवर पाकळ्यांचे टाके दाटीने बसतात, म्हणून पट्टी स्वतःच वळायला लागते. ती वळत नसेल, सरळ पट्ट्यासारखी पडून राहत असेल, तर साखळी फार सैल झाली आहे. साखळीपुरती एक आकाराने बारीक सुई घ्या.

दुसरी चूक गुंडाळण्यातली. सुरुवात लहान पाकळ्यांच्या टोकापासून करायची. पहिले दोन वेढे अगदी घट्ट, कळीसारखे, आणि पुढचे सैल होत जाणारे. सगळे वेढे सारख्याच ताणाने घेतले की रोल तयार होतो, गुलाब नाही. प्रत्येक वेढ्यानंतर तळ टेबलावर टेकवून साखळीची कड एका पातळीत आणा आणि लगेच आरपार दोन टाके शिवा. सगळं गुंडाळून शेवटी एकदाच शिवायला गेलात तर मधला भाग सुळकन वर येतो.

ग्लू गन माझ्या मते इथे नकोच. गोंद लोकरीतून झिरपतो, तळ दगडासारखा कडक होतो आणि चुकलं तर उसवायची सोयच उरत नाही.

विणण्याआधी फुलबाजारातून एक खरा गुलाब आणा. दिंडोरी तालुक्यातल्या पॉलिहाऊसमधला लांब दांड्याचा असला तर उत्तम. त्याची एकेक पाकळी सोडवून बघा. आतल्या पाकळ्या एकमेकींवर आवळून बसलेल्या असतात आणि फक्त बाहेरच्या तीन-चार पाकळ्यांची कड मागे वळलेली असते. क्रोशाच्या गुलाबातही तेवढ्याच पाकळ्यांची कड बोटाने मागे दुमडा आणि मागून एक अदृश्य टाका घाला. सगळ्यांची कड दुमडली तर तो गुलाब न राहता कोबी होतो.

आई फूल उलटून बघणार

जिने कधीकाळी ताटावरचे रुमाल, दाराची तोरणं किंवा टीव्हीवरचं झाकण विणलं आहे, ती आई समोरून "छान झालंय गं" म्हणेल आणि दुसऱ्या क्षणी फूल उलटं करेल. मागे लोंबणारी टोकं, गाठी, एका पाकळीकडून दुसरीकडे ओढलेला रंगीत धागा तिला लगेच दिसेल. रंग बदलताना जुना धागा मागे लांब ओढत नेऊ नका. कापा आणि प्रत्येक टोक त्याच रंगाच्या टाक्यांत लपवा. मागे फेल्टचा गोल शिवायचा असेल तर तोही टोकं लपवून झाल्यावरच.

पाकळ्या माना टाकतात

सुती दोऱ्याच्या फुलाला थोडी वाफ दिली की पाकळ्या नीट बसतात. अॅक्रिलिकवर मात्र गरम इस्त्री टेकवू नका. उष्णतेने ते वितळतं किंवा लुळं पडतं, आणि मग कशानेही पूर्ववत होत नाही. त्याला ओलं करून, पिनांनी थर्माकोलवर ताणून वाळवणं पुरे.

जुन्या पद्धतीने खळ घालायची असेल तर पातळ घाला आणि कडकडीत उन्हात वाळवा. पावसाळ्यात खळीचं फूल दमट हवेने पुन्हा मऊ पडतं, वर कसर लागते. साखरेच्या पाकाने कडक करायची युक्ती तर मुंग्यांना आमंत्रणच. पिठोरीसाठी करत असाल तर खळीच्या भानगडीत न पडता सुई बारीक घ्या, पाकळी आपल्या बळावर उभी राहते.

दांडीचं फूल करताना तारेचं वरचं टोक वळवून छोटं कडं करा आणि मगच तार मध्यातून खाली ओढा. सरळ तार दोन दिवसांत निसटते आणि तिचं टोक बोटाला टोचतं.

फूल राहणार कुठे, हे आधी ठरवा

अंबाड्यात माळायचं असेल तर लोकरीचा गुलाब जड होतो, घसरतो. बारीक सुती दोऱ्याचं छोटं फूल घ्या आणि ते यू पिनला एकाच ठिकाणी न शिवता दोन ठिकाणी शिवा, म्हणजे फिरणार नाही. साडीला लावायचं असेल तर ब्रोच पिन थेट टाक्यांत अडकवू नका, टाका ओढला जातो. आधी मागे फेल्ट, त्यावर पिन. येवल्याच्या पैठणीवर तर पदराच्या नव्या जागी भोक पाडण्यापेक्षा खांद्यावर निऱ्यांना जिथे एरवी पिन लावतोच तिथेच ते लावावं, आणि तेही हलकं असेल तरच. आई देवघरात ठेवायचं म्हणत असेल तर निरांजन आणि उदबत्तीपासून लांब, कारण अॅक्रिलिक आचेजवळ वितळतं.

लाल, मरून, जांभळ्या सुती दोऱ्याचा रंग जातो का, हे विणण्याआधी बघा. हातभर दोरा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून ठेवा. कापडावर डाग उमटला तर तो दोरा साडीच्या किंवा केसांच्या फुलाला वापरू नका, फुलदाणीतल्या फुलाला चालेल. तेल किंवा कुंकू लागलेलं फूल गार पाण्यात सौम्य साबणाने धुवायचं, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून पाकळ्या बोटांनी नीट करून सावलीत वाळवायचं. हे चार शब्द चिठ्ठीवर लिहून डब्यात टाका, नाहीतर फूल वॉशिंग मशीनमध्ये जातं.