काजूचा छोटा कारखाना: सीझनचा पैसा कसा उभा करायचा आणि वर्षभर कसा पुरवायचा

काजूच्या धंद्यात पैसा एकदम जातो आणि हळूहळू येतो, सगळी अडचण इथेच आहे. बी मिळते मार्च ते मे, फार तर मिरगापर्यंत, तेवढ्यात वर्षभराची बी घ्यायची, सुकवायची, गोणीत भरून ठेवायची, आणि गर, म्हणजे फोडून काढलेला काजू, विकत बसायचं पुढे फेब्रुवारीपर्यंत, त्यातही खरा उठाव गणपती ते दिवाळी. कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी, दोडामार्ग इकडे असे कारखाने गावोगाव आहेत आणि वहीत नफा दिसत असताना मे महिन्यात शेतकऱ्याला द्यायला पैसे नाहीत, नाहीतर ऑगस्टमध्ये बी फोडणाऱ्या बायकांचा पगार थकलाय, असं चांगल्या चांगल्या माणसांचं होतं. हे टाळता येतं पण तयारी डिसेंबर-जानेवारीत करायला लागते, एप्रिलमध्ये बँकेत धावत जाऊन काही हाती लागत नाही.

आधी आकडे मांडू. भाव दरवर्षी बदलतो म्हणून हे नुसते हिशोब समजायला घेतलेत, तुमचे तुम्ही घाला. समजा ४० टन बी घेतली १५० रुपये किलोने, झाले ६० लाख. बी चांगली असेल तर गर साधारण चौथा हिस्सा पडतो, म्हणजे १० टन. बॉयलिंग, फोडणी, ड्रायर, साल काढणं, ग्रेडिंग, लाईटबिल, पॅकिंग सगळं मिळून बीच्या किलोमागे ३० रुपये धरले तर १२ लाख. एकूण खर्च ७२ लाख. अख्खा, पाकळी, तुकडा सगळं धरून किलोला सरासरी ८०० रुपये मिळाले तर ८० लाख आले. राहिले ८ लाख, आणि यात व्याज अजून धरलेलंच नाही.

आता व्याज धरा. ६० लाखाची बी नऊ महिन्यात सारख्या वेगाने संपत गेली तर सरासरी ३० लाख कायम मालात अडकलेले, ११ टक्क्याने नऊ महिन्यांचं व्याज होतं अडीच लाखाच्या आसपास. वर गिऱ्हाइकांनी दोन महिन्यांची उधारी ठेवली तर अजून जवळजवळ १८ लाख बाहेर, त्याचं दीड लाख. म्हणजे आठातले चार गेले. तुम्ही म्हणाल यातले निम्मे पैसे तर माझे स्वतःचे आहेत, खरंय, पण तेच पैसे दुसरीकडे ठेवले असते तर त्यावर काहीतरी मिळालंच असतं ना. सांगायचं एवढंच की भावात दोन रुपये कमी करून घ्यायला आपण शेतकऱ्याशी तासभर घासाघीस करतो, आणि उधारी महिनाभराने कमी केली तर वाचणाऱ्या पाऊण लाखाकडे बघतही नाही.

म्हणून पहिलं काम, एक तक्ता करा. मोबाईलवर एक्सेल जमत असेल तर तिथे, नाहीतर वहीत. पुढचे १३ आठवडे उभ्या रांगांमध्ये लिहा, प्रत्येकाखाली सोमवारची बँक शिल्लक, आठवड्यात येणारे पैसे, जाणारे पैसे आणि शनिवारची शिल्लक. येणाऱ्या पैशात बिलावरची तारीख लिहू नका, ती पार्टी प्रत्यक्षात कधी देते ती लिहा. वाशीचा व्यापारी ३० दिवस म्हणतो आणि ५५ दिवसांनी देतो तर तक्त्यात ५५ च लिहायचं, मनाचं समाधान करून उपयोग नाही. जाणाऱ्या पैशात शेतकरी, मजुरी, टेम्पो, लाईटबिल, मशीनचा हप्ता, १५ जून-१५ सप्टेंबर-१५ डिसेंबर-१५ मार्चचा अॅडव्हान्स टॅक्स, हे सगळं ज्या आठवड्यात खरोखर जाणार त्या आठवड्यात. दर सोमवारी एक आठवडा खोडायचा आणि शेवटी एक नवीन जोडायचा. ज्या शनिवारी शिल्लक उणे दिसते तो शनिवार तुम्हाला दोन-अडीच महिने आधी कळतो, आणि एवढा वेळ हातात असला की बऱ्याच वाटा निघतात.

या तक्त्यात एक ओळ हमखास राहते ती जीएसटीची. शेतकऱ्याकडून कच्ची बी घेतली तर त्यावरचा ५ टक्के टॅक्स शेतकरी नाही, घेणारा भरतो, रिव्हर्स चार्जने, आणि तो इनपुट क्रेडिटमधून, म्हणजे खरेदीवर आधी भरलेल्या टॅक्सच्या जमेतून, वळता करता येत नाही, कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या रोख खात्यात, पैसेच भरायला लागतात. एप्रिलमध्ये २५ लाखाची बी घेतली असेल तर २० मे ला, म्हणजे खरेदी अगदी जोरात चालू असताना, सव्वा लाख रोख गेले. त्याचं क्रेडिट लगेच मिळतं हे खरं पण तेव्हा विक्रीच कमी असते, त्यामुळे क्रेडिट पोर्टलवर पडून राहतं आणि खरा उपयोग गणपतीचा माल जायला लागला की होतो. तिमाही रिटर्न भरणाऱ्यांच्या तारखा वेगळ्या असतात, तुमच्या सीएला विचारून त्याप्रमाणे लिहा, पण लिहा.

आता बँक. सीझनसाठी योग्य कर्ज म्हणजे कॅश क्रेडिट, आपण सीसी म्हणतो ते. जेवढे वापराल तेवढ्यावर, तेवढ्या दिवसांचं व्याज. अडचण अशी की ५ कोटीपर्यंतच्या लिमिटला बँका सहसा नायक समितीची पद्धत लावतात, वर्षाच्या अंदाजे उलाढालीच्या २० टक्के लिमिट. आपल्या उदाहरणात ८० लाखाचे २० टक्के म्हणजे १६ लाख. आणि आपल्याला मे महिन्यात बीसाठी लागतात ६० लाख! ज्या धंद्यात वर्षभर सारखी खरेदी असते त्याला ही पद्धत ठीक आहे, काजूला नाही. पण हे २० टक्के म्हणजे किमान असतं, त्याच्यावर देताच येत नाही असं काही नाही. सीझनल धंद्यासाठी कॅश बजेटवरून लिमिट काढायची पद्धत बँकांमध्ये आहेच, म्हणून मॅनेजरकडे जाताना नुसता बॅलन्सशीट नेऊ नका, बारा महिन्यांचा महिनावार तक्ता न्या आणि सरळ मागा की मला मार्च ते सप्टेंबर जास्तीत जास्त लिमिट एवढं पाहिजे आणि बाकीच्या महिन्यात एवढं. तारण कमी पडत असेल तर सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी योजनेच्या गॅरंटीबद्दल विचारा, त्यात घर-जमीन गहाण न ठेवता कर्ज बसू शकतं, फी लागते ती खर्चात धरा.

लिमिट मंजूर झालं म्हणजे तेवढे पैसे वापरता येतात असं नाही, मधे डीपी आहे, ड्रॉइंग पॉवर. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं, त्यावरून बँक ठरवते. समजा लिमिट ४० लाख. मे अखेर गोडाऊनमध्ये ५० लाखाची बी आहे पण त्यातले १० लाख अजून शेतकऱ्यांचे द्यायचेत, तर पैसे न दिलेला माल वजा होऊन राहिले ४०, त्यावर २५ टक्के मार्जिन, म्हणजे तुम्ही स्वतः घालायचा हिस्सा, डीपी झाली ३० लाख. ऑक्टोबरात माल राहिला २० लाखाचा, त्याचे १५, आणि येणी आहेत १८ लाख पण त्यातली ५ लाखाची बिलं ९० दिवसांच्या वर गेली, ती बँक धरतच नाही, उरलेल्या १३ वर ४० टक्के मार्जिन गेलं की ७ लाख ८० हजार. एकूण २२ लाख ८० हजार. मार्जिनचे टक्के बँकेप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतात, पण माल विकला की डीपी खाली येते हे सगळीकडे तेच, म्हणून विक्रीचा पैसा आला की तो सीसीतच जमा करायचा, त्याच दिवशी, कारण व्याज रोजच्या शिल्लकीवर लागतं. आणि कृपा करून स्टेटमेंटमध्ये नसलेली बी दाखवू नका. इन्स्पेक्शनला गोणी मोजल्या जातात आणि एकदा विश्वास गेला की पुढच्या सीझनला लिमिट वाढवून मिळायचं विसरा.

सीसीतून मशीन घ्यायचं नाही, शेड बांधायची नाही, गाडी तर नाहीच. सीसीचा पैसा बीमध्ये जातो आणि गर विकून परत येतो, मशीनमध्ये घातला तर तो पाच वर्षांनी परत येणार आणि जूनमध्ये बी घ्यायला लिमिटच शिल्लक नाही. मशीनला टर्म लोन घ्या, हप्ता बसतो का ते त्याच तक्त्यात तपासा. खातं सलग ९० दिवस लिमिटच्या किंवा डीपीच्या वर राहिलं, किंवा ९० दिवसात जमा झालेल्या पैशातून व्याजही भागलं नाही, तर ते एनपीएत, म्हणजे थकीत कर्जात, जातं, आणि मग प्रत्येक बँकेच्या दारात तोच प्रश्न.

उधारीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण वसुली हेच सगळ्यात स्वस्त भांडवल आहे. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली नसेल तर आजच करा, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. एमएसएमई कायदा २००६ चा आहे आणि त्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत पण जास्तीत जास्त ४५ दिवसात, आणि करार नसेल तर १५ दिवसात द्यायचेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. २०२३-२४ पासून आयकरातही नियम आला की असे पैसे मुदतीत दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. हे व्यापाऱ्याच्या सीएला चांगलं माहीत असतं. म्हणून बिलावर उद्यम नंबर आणि "४५ दिवसात देय" छापून घ्या, आणि फेब्रुवारीच्या शेवटी प्रत्येक पार्टीला बाकीचा उतारा पाठवा, मार्चमध्ये पैसे हलतात. एमएसएमईच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते पण ज्याच्याशी पुढे धंदा करायचा नाही त्याच्यासाठीच ती ठेवा.

रोजचं काम यापेक्षा साधं आहे. माल पोचला की दुसऱ्या दिवशी फोन, "शेठ, गोणी बरोबर आल्या ना, ग्रेड ठीक आहे ना", म्हणजे दोन महिन्यांनी माल खराब होता असं ऐकायला लागत नाही. मुदतीच्या आठवडाभर आधी दुसरा फोन. जुनं बिल बाकी असेल तर नवीन माल अर्धा. डिस्काउंट देताना मात्र हिशोब करा, ६० दिवसांऐवजी आठवड्यात पैसे मिळावेत म्हणून २ टक्के सोडले तर ते वर्षाला १४ टक्के पडतात, तुमच्या सीसीपेक्षा महाग. १ टक्का सोडला तर ७ च्या आसपास, तो द्यावा. पोस्ट डेटेड चेक घेतला आणि तो वटला नाही तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसात लेखी नोटीस जायला पाहिजे, ही मुदत गणपतीच्या धावपळीत निघून जाते.

थोड्या दिवसांची तूट भरायची असेल तर आधी एफडीवर ओव्हरड्राफ्ट, मग सोनं तारण. दोन-तीन आठवड्यांसाठी दोन्ही ठीक, पण पैसे कुठल्या बिलातून परत येणार ते आधी तक्त्यात दाखवता आलं पाहिजे. मोबाईलवरच्या झटपट बिझनेस लोनमध्ये फ्लॅट रेट सांगतात, म्हणजे हप्ते फेडत गेलात तरी व्याज पूर्ण मूळ रकमेवरच, १८ टक्के फ्लॅट आणि बारा हप्ते म्हणजे खरा दर ३१-३२ टक्के पडतो, वर प्रोसेसिंग फी. महिना शेकडा दोनने खाजगी घेतले तर वर्षाला २४. आणि भावाकडून, मेव्हण्याकडून घेतले तरी २० हजार किंवा त्याच्यावरची रक्कम रोखीत घेऊ नका, आयकरात तेवढ्याच रकमेचा दंड आहे. बँकेतूनच फिरवा.

जून-जुलै वेगळा धरायचा. पावसात विक्री मंद, लाईट कधी जाईल सांगता येत नाही, ड्रायरचं जळण वाढतं, आणि गणपतीच्या आधी बायका उचल मागणार, ती द्यायलाच पाहिजे, त्यांच्या हातावर कारखाना चालतो. दोन महिन्यांची मजुरी, लाईटबिल आणि हप्ते एवढी रक्कम मे महिन्याच्या खरेदीतून बाजूला काढा, बी चार टन कमी घेतली तरी चालेल. गोदामाचा विमा घेताना वादळ आणि पूर त्यात आहे का हे वाचून घ्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली तेव्हा काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

सगळी बी मे मध्येच घ्यायला पाहिजे असंही नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना काजू बीला आहे, शेतकरी बाजार समितीच्या गोदामात बी ठेवून कमी व्याजाने सहा महिन्यांसाठी कर्ज घेऊ शकतो. तुमच्याकडची बाजार समिती ती चालवत असेल तर नेहमीच्या शेतकऱ्यांशी बोला, त्यांना पडत्या भावात विकायला लागत नाही आणि तुम्हाला पाच-सात टन ऑगस्ट-सप्टेंबरात घेता येतात.

दिवाळीनंतर हातात पैसा असतो तेव्हा तो आधी सीसीत टाका. सीसीवर ११ टक्के भरत असताना पतपेढीत आठने ठेव ठेवण्यात काही अर्थ नाही, शिवाय बँकेतल्या ठेवीला ५ लाखापर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. सीसी शून्यावर आली की मग उरलेल्याची एफडी, मार्चमध्ये मोडता येईल अशी.

आणि डिसेंबर संपता संपता फाईल लावायला घ्या: तीन वर्षांचे रिटर्न, बारा महिन्यांचे जीएसटी रिटर्न, उद्यम, विमा, कोणाकडून किती येणं आहे त्याची तारखेवार यादी, आणि वरचा महिनावार तक्ता. जानेवारीत मॅनेजर कारखाना बघायला आला की त्याला मशीन दाखवण्यात वेळ घालवू नका, ती त्याने बरीच बघितलेली असतात. गेल्या मे मध्ये सीसी किती वर गेली होती आणि दिवाळीनंतर किती खाली आली तो उतारा त्याच्यासमोर ठेवा.