रंगावरून मंदवाढीच्या मायकोबॅक्टेरियांचे गट कसे ठरवावेत

मायकोबॅक्टेरिया म्हणजे क्षयाचा जंतू ज्यात मोडतो तो जिवाणूंचा समूह. ताज्या उपसंवर्धनानंतर (नव्या माध्यमावर पुन्हा पेरल्यावर) पोषक माध्यमावर वसाहती दिसायला सात दिवसांहून अधिक काळ लागला, तर ते मायकोबॅक्टेरिया मंदवाढीचे समजले जातात. अर्नेस्ट रनियन यांनी 1959 साली मांडलेल्या वर्गीकरणात त्यांचे तीन गट रंगद्रव्यावरून पडतात. शीघ्रवाढीच्या जिवाणूंचा चौथा गट येथे सोडून देऊ. चाचणीपूर्वी संवर्धन क्षयाच्या जंतूचे नाही याची खात्री करावी आणि सर्व हाताळणी जैवसुरक्षा कॅबिनेटमध्येच करावी.

लोवेनस्टाइन-जेन्सेन माध्यमाच्या (मायकोबॅक्टेरिया वाढवण्याच्या अंडीयुक्त घट्ट माध्यमाच्या) दोन नळ्यांमध्ये पातळ केलेले द्रावण पेरावे, म्हणजे वसाहती सुट्या येतील. दोन्ही नळ्या पहिल्या दिवसापासूनच अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून 37 अंश सेल्सिअसला ठेवाव्यात; मात्र मायकोबॅक्टेरियम मरायनम या प्रजातीचा संशय असल्यास तापमान 30 अंशांच्या आसपास ठेवावे. वाढ डोळ्यांना दिसू लागताच, वसाहती कोवळ्या असतानाच, एका नळीची फॉइल काढून झाकण सैल करावे आणि ती 60 वॉटच्या दिव्यापासून सुमारे 20 ते 25 सेंटिमीटरवर एक तास ठेवावी. झाकण सैल करण्याची ही पायरी अनेकदा विसरली जाते. पण प्रकाश मिळूनही प्राणवायू न मिळाल्यास रंगद्रव्य तयार होत नाही, आणि मग प्रकाशात पिवळी होणारी कॅन्सासाय प्रजातीसुद्धा रंगहीन गटात जाऊन बसते. त्यानंतर नळी पुन्हा गुंडाळून उबवावी आणि 24 तासांनी, गरज वाटल्यास 48 व 72 तासांनीही, दोन्ही नळ्या शेजारी धरून पाहाव्यात.

अंधारात फिकट राहिलेली वाढ प्रकाशानंतर पिवळी झाली, तर तो पहिला गट होय. कॅन्सासाय, मरायनम आणि सिमिये या प्रजाती त्यात येतात. त्यांचा पिवळेपणा कॅरोटिनॉइड या पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांमुळे असतो. अंधारातल्या नळीतही पिवळा किंवा नारिंगी रंग आला, तर गट दुसरा: स्क्रोफ्युलेसियम, गॉर्डोनी. दोन्हीकडे रंग नसल्यास तिसरा, ज्यात एव्हियम संकुल (एव्हियम व तिच्या जवळच्या प्रजाती) येते.

झुल्गाय ही प्रजाती मात्र 37 अंशांना दुसऱ्या गटासारखी आणि 25 अंशांना पहिल्या गटासारखी वागते, म्हणून तापमानाची नोंद निकालासोबत अवश्य लिहावी. जुन्या संवर्धनात तिसऱ्या गटातील काही वसाहतीही पिवळसर पडतात. माझ्या मते अशा नळीवरून निर्णय देण्यापेक्षा नव्याने पेरणी करणे बरे. माध्यम स्वतः हिरवट असल्यामुळे फिकट पिवळा ओळखताना नजर चुकते, तेव्हा प्रत्येक वेळी ज्ञात कॅन्सासाय, गॉर्डोनी आणि एव्हियम यांच्या नळ्या सोबत ठेवाव्यात. प्रजातीचे नाव निश्चित करण्यासाठी जनुकीय तपासणी किंवा माल्डी-टॉफ (प्रथिनांच्या वस्तुमानावरून जिवाणू ओळखण्याची पद्धत) आवश्यकच आहे. अहवालात केवळ गटावरून प्रजातीचे नाव देऊ नये.