मेंढ्या व्यायला आल्या. कोकराचा पहिला तास सांभाळा

मृगाच्या पावसानंतर हिरवा चारा झाला आणि ज्या मेंढ्यांनी गाभ धरला, त्या आता व्यायला येतील. गाभणकाळ साधारण 147 ते 150 दिवसांचा. म्हणजे जूनअखेरीस लागलेली मेंढी नोव्हेंबरअखेरीस व्याते, नेमकी माणदेशात आणि जत-आटपाडीकडे पहाटेची थंडी चढू लागते तेव्हा. वीस-पंचवीस दख्खनी किंवा माडग्याळ मेंढ्या राखणाऱ्या घराला चार कोकरं गेली तरी वर्षाचा हिशेब बिघडतो, म्हणून हे लिहितो आहे.

पोटातल्या कोकराची जवळजवळ दोन तृतीयांश वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. नुसत्या चराईवर ती भागत नाही. मक्याची भरड आणि पेंड मिळून रोज 200 ते 250 ग्रॅम खुराक द्या, पण हळूहळू वाढवत न्या. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची) लस व्यायच्या आधी तीन-चार आठवडे टोचून घ्या, म्हणजे तिची ताकद चिकातून, व्याल्यावरच्या पहिल्या दाट दुधातून, कोकराला मिळते. जुळी पोटात असलेली मेंढी खाणं सोडून कळपापासून बाजूला उभी राहिली, दिसत नसल्यासारखी चालू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. उद्यावर टाकू नका.

मेंढी माती उकरते, उठबस करते, मग पाणमोट दिसते. आधी दोन पुढचे पाय आणि त्यावर टेकलेलं नाक आलं, तर हात लावू नका. पाणमोट फुटून जोराच्या कळा देत अर्धा-पाऊण तास गेला आणि कोकरू पुढे सरकत नसेल, किंवा एकच पाय वा नुसती शेपटी दिसत असेल, तर जाणत्याला किंवा डॉक्टरला बोलवा. ओढाताणीत मेंढीही जाते.

कोकरू पडलं की नाका-तोंडातला चिकटा पुसा आणि ते आईपुढे ठेवा. तिला चाटू द्या. चाटण्यानं अंग सुकतं, रक्त खेळतं आणि आई त्याचा वास ओळखते. नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा; हळद-राख लावू नका, त्यात जंतू असू शकतात.

आता चीक. दोन्ही सड पिळून आधी पहिली धार बाहेर काढा, सडात मेणासारखा गठ्ठा अडकलेला असू शकतो. तासाभरात कोकराच्या पोटात चीक गेलाच पाहिजे. पहिल्या चोवीस तासांत वजनाच्या किलोमागे सुमारे 200 मिली, म्हणजे तीन किलोच्या कोकराला 600 मिली, चार-पाच वेळांत. काही तासांनंतर आतडं चिकातलं संरक्षण शोषून घेणं कमी करत जातं. मागे एका रात्री जुळ्यातलं दुसरं कोकरू पितंय असं मी नुसत्या नजरेनं ठरवलं आणि झोपलो. सकाळी त्याचं पोट पाठीला लागलं होतं. तेव्हापासून मी पोट हातानं चाचपून बघतो. आईला चीक नसेल तर दुसऱ्या ताज्या व्यालेल्या मेंढीचा किंवा शेळीचा चालतो. जास्तीचा बाटलीत भरून फ्रीजच्या बर्फखान्यात ठेवा आणि कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवा. उकळवू नका.

तोंडात बोट घालून बघा. आत गार लागलं आणि चोखत नसेल, तर तसंच दूध पाजू नका. ते फुफ्फुसात जाऊ शकतं. आधी कोरडं पोतं गुंडाळून, गरम पाण्याच्या बाटल्या लावून ऊब द्या. रात्री डालग्याखाली ठेवताना खाली कोरडा भुसा पसरा.

वार बारा तासांत पडली नाही तर ओढू नका, डॉक्टरला दाखवा. वार किंवा गाभडलेलं, म्हणजे दिवस भरायच्या आधीच पडलेलं, कोकरू उघड्या हातानं उचलू नका. हातमोजे घाला, खोल पुरा, कुत्र्यांना लागू देऊ नका. गाभडण्यामागे ब्रुसेलोसिस असू शकतो आणि तो माणसालाही होतो. घरातल्या गरोदर बाईला तर या कामाच्या जवळसुद्धा येऊ देऊ नका.